पोकरचे दहा हजार राहू देत, आधी बाबांचं पाकीट उघडा

पत्र, थोडक्यात: वय ३४, राहणार फोंडा. वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी, हातात ४६ हजार येतात, खर्च जाऊन १४ हजार उरतात. पत्नी घरी शिकवण्या घेते, मुलगी चार वर्षांची. दोन वर्षांपासून मोबाइलवर पोकर खेळतो. बारा जणांचा गट आहे, एकमेकांचे डाव तपासतो, कोणी हरला तर सावरून घेतो. आता २-५ रुपयांच्या ब्लाइंडवर (डाव सुरू होण्याआधी दोघांनी सक्तीने भरायची रक्कम) दरमहा १० हजार लावून वर्षभरात महिना १५ हजारांपर्यंत जायचा विचार आहे. पैशांचा हिशेब गटातलाच एक जण यूपीआयवर बघतो. एवढं भांडवल पुरेल का? घरची चिंता नाही. बाबा ६१ वर्षांचे, निवृत्त. त्यांच्या १२ लाखांपैकी ३ लाख बँकेने एका योजनेत घातले, पाच वर्षांत दुप्पट होतील. कागदांचं पाकीट ६ तारखेला आलं, फोटो जोडले आहेत.

उत्तर:

फोटो जोडलेत ते फार बरं केलंत. पोकरचं नंतर बघू. तुम्हाला हे फोनवर कळवलं आहेच. इथे सविस्तर लिहितो, कारण असंच पाकीट आणखी कुणाच्या घरी टीव्हीखालच्या खणात पडून असेल.

ती योजना म्हणजे विमा पॉलिसी आहे. दुसऱ्या फोटोत डावीकडे बारीक अक्षरात लिहिलंय: वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे, विमा रक्कम ३० लाख. विमा तुमच्या आयुष्याचा, कारण ६१ व्या वर्षी बाबांचा महाग पडतो. हप्ता मात्र बाबांच्या खात्यातून. म्हणजे त्यांनी एकूण ३० लाख भरायचे आहेत. त्यांच्याकडे आहेत १२. पुढच्या तीन वर्षांत उरलेले ९ लाख जातील आणि पाचव्या वर्षी हप्ता थांबेल. ज्या वर्षी ‘दुप्पट’ व्हायचे, त्याच वर्षी खातं रिकामं.

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचौदा टक्के. ७२ ला ५ ने भागा, उत्तर समोर येतं. विम्याच्या पारंपरिक पॉलिसीत हा आकडा कुठूनही येत नाही. पॉलिसीसोबत आलेल्या परताव्याच्या तक्त्यातला सगळ्यात आशावादी रकाना ८ टक्क्यांचा आहे, त्यात विसाव्या वर्षी साधारण ६४ लाख दाखवलेत. दहा वर्षे ३-३ लाख भरून विसाव्या वर्षी ६४ लाख म्हणजे परतावा जेमतेम ५ टक्के. ते ८ टक्के कंपनीच्या निधीने कमवायचे असतात, तुम्ही नव्हे. मधला फरक खर्च आणि कमिशनमध्ये जातो. काउंटरवर बोट ठेवून दाखवतात तो हाच रकाना, आणि बोट असतं ८ वर.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण देऊन ती परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. पाकीट ६ तारखेचं आहे. शेवटच्या दिवसाची वाट न बघता अर्ज याच आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत पोहोचू द्या. बँकेत नव्हे. बँकेत दिलात तर साहेब रजेवर असतील, मग ‘दुसरी चांगली योजना दाखवतो’ म्हणतील, मग वरिष्ठांचा फोन येईल, आणि या सगळ्यात तीस दिवस सरतील.

अर्जावर सही बाबांची लागेल, कारण प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी मागणारे, ते आहेत. मजकूर चार ओळींचा पुरे: पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, ‘एकदाच भरायची ठेव असं सांगितलं होतं, कागदात दहा वर्षांचे हप्ते आहेत, अटी मान्य नाहीत, फ्री-लुकमध्ये रद्द करून रक्कम परत करावी’. सोबत मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक, ओळखपत्राची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, त्याच दिवशी तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. कुरिअरचं पाकीट टाकू नका, तारखेचा पुरावा तोच. जितके दिवस विमा होता तितक्या दिवसांचं जोखमीचं शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी परत येतं. ३ लाखांत हे फार तर दोन-तीन हजार.

त्याआधी पॉलिसीला जोडलेली प्रस्ताव-अर्जाची प्रत वाचा. बाबांचं उत्पन्न काय लिहिलंय, व्यवसाय काय, आणि मोबाइल नंबर कुणाचा? निवृत्त माणसाचं उत्पन्न दहा-बारा लाख आणि नंबर भलत्याचाच, असं अनेकदा सापडतं. तसं असेल तर अर्जात ते लिहा आणि नंबर-ईमेल बदलण्याचं पत्र वेगळं द्या. नाहीतर ओटीपी तिकडेच जात राहतील. कंपनीचा पडताळणीचा फोन आला होता का, तेही विचारा. ‘सगळ्याला हो म्हणा, नाहीतर काम अडकतं’ असं आधी पढवून ठेवलेलं असतं. बाबा हो म्हणाले असले तरी फ्री-लुकचा हक्क जात नाही.

आणखी एक गोष्ट हमखास राहते. पुढचा हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची परवानगी बाबांनी सह्यांच्या गठ्ठ्यात देऊन टाकली असेल. पॉलिसी रद्द झाली की ती आपसूक मोडली असं धरू नका. बँकेत वेगळा अर्ज देऊन ती रद्द करा.

कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर, त्यानंतर विमा लोकपालांकडे. लोकपालांकडे जायला वकील लागत नाही.

तीस दिवस उलटू दिलेत तर? नियम बदलल्यामुळे आता एक हप्ता भरून थांबणाऱ्यालाही वर्ष संपल्यावर काहीतरी मिळतं. पण ‘काहीतरी’च. आजचे दोन-तीन हजार आणि तेव्हाची तूट यांची तुलनाच नको.

पैसे आले की बाबांच्या १२ पैकी १० लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याचा दर ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला साडेवीस हजार त्यांच्या खात्यात. मुदत पाच वर्षे, मध्येच मोडली तर थोडी कपात. उरलेले २ लाख दुखण्या-खुपण्यासाठी मुदत ठेवीत. आकर्षक काही नाही. ६१ व्या वर्षी आकर्षक काही नकोच.

आता पोकर. २-५ च्या टेबलावर बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायचे चिप्स, मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट: ५०० रुपये. म्हणजे १० हजारांत वीस बाय-इन, रोख टेबलासाठी हे ठीक. स्पर्धा खेळायच्या तर शंभर लागतात, कारण तिथे बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उठावं लागतं. भांडवल पुरेल. कमाई होणार नाही. रेक (खेळवणाऱ्याची कपात) वजा जाता १०० हातांमागे, म्हणजे डावांमागे, ५ मोठे ब्लाइंड मिळवणारा खेळाडू चांगला म्हणायचा. त्याचे २५ रुपये. दोन टेबलांवर तासाला दीडशे हात धरले तर तासाचे साडेसदतीस. १५ हजारांसाठी ६० हजार हात, म्हणजे महिन्याला ४०० तास. नोकरीची पाळी सांभाळून रोज दोन तास खेळलात तर महिन्याला सरासरी २,२५० रुपये, आणि चढउतार त्याच्या दुप्पट: चांगला खेळाडूही साधारण तीनातला एक महिना तोट्यात काढतो. तुम्ही चांगले आहात की नशीबवान, हे कळायलाच लाखभर हात लागतात.

पण हा हिशेब कागदावरचाच. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळ खेळवणं बंद झालं आहे, कौशल्याचा असो की नशिबाचा. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड; खेळवणाऱ्याला आणि पैशांची देवघेव करून देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. तुमच्या गटातला हिशेब बघणारा मित्र नेमका या शेवटच्या खुर्चीत बसला आहे. त्याच्या खात्यात कुणा फसवणाऱ्याचे पैसे फिरले, तर तिथून तुमच्याकडे आलेल्या पाचशे रुपयांपायी तुमचं पगाराचं खातं गोठू शकतं. मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांकडेही बघू नका. गोवेकरांना कॅसिनोत खेळायला फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे.

खेळ सुधारायला पैसे लागतातच असं नाही. फुकट चिप्सच्या टेबलावर लोक हातात काहीही असलं तरी कॉल करतात (समोरच्याइतके चिप्स भरतात), म्हणून तिथे ब्लफ शिकू नका. जागेनुसार सुरुवातीचे पत्ते टाकणं आणि पॉटचा, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सचा, हिशेब शिका. पॉटमध्ये २००, समोरच्याने १०० लावले, तुम्हाला १०० भरायचे: ४०० तले १००, म्हणजे जिंकायची शक्यता २५ टक्के हवी. फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पुरा करणारे नऊ पत्ते बाकी असतील तर रिव्हरपर्यंत (पाचवा, शेवटचा पत्ता) साधारण ३५ टक्के, पण टर्नवर (चौथा पत्ता) एकच पत्ता उरला की २०. समोरचा टर्नवर पुन्हा लावणार असेल तर ते ३५ धरून कॉल करू नका. सगळ्यात जास्त चिप्स इथेच गळतात.

चिप्सना किंमत यावी म्हणून वहीत महिन्याचे वीस बाय-इन लिहा. संपले की महिना संपला, नवे चिप्स घ्यायचे नाहीत. गट ठेवा, उपयोगाचा आहे. फक्त डाव मांडताना शेवट सांगू नका: कुणाकडे किती चिप्स, कोण कुठे बसलंय, कुणी किती लावले, एवढंच. सगळ्यांनी आपापला निर्णय लिहिल्यावर पत्ते उघडा. शेवट आधी कळला की जिंकलेला प्रत्येक डाव बरोबर वाटतो. आणि ‘कसलं नशीब फुटकं’ या गोष्टींना आठवड्यात पाच मिनिटं. चवथीला सगळे जमाल तेव्हा समोरासमोर बसा, चिप्स म्हणून काजू चालतील, फक्त डाव संपेपर्यंत खायचे नाहीत.

ते १० हजार असे लावा: ६० व्या वर्षापर्यंतचा १ कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच रक्कम देणारा), महिन्याला हजार-बाराशे. बाकी आवर्ती ठेवीत, दीड लाख जमेपर्यंत. हिशेब बघणाऱ्या त्या मित्राकडे तुमच्या चिप्सचे काही पैसे अडकले असतील तर एकदा मागा. दिले तर घ्या. ‘आणखी थोडे टाक, मग सगळे एकदम काढतो’ असं म्हणाला, तर बुडाले समजा आणि एक रुपयाही टाकू नका.