परदेशातल्या खेड्यात स्वयंसेवक आहे, दोन वर्षांपैकी शेवटचे दोन महिने उरलेत. अर्धवट कामं, सामान, निरोप, मुदतवाढ… काय नि कसं करावं?

मुदत वाढवू नका. बाकीचं सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी जखम उघडी झाली.

मी सोलापूरकडचा, हातपंप दुरुस्तीच्या पथकात होतो. बिनपगारी रजा काढून दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीला गेलो, डेड्झा जिल्ह्यात. राजधानी लिलाँग्वेच्या दक्षिणेला, उंचावरचा मुलूख, जून-जुलैत चांगली थंडी पडते. तिथे गावोगाव आफ्रिदेव नावाचा हापसा आहे. आपला इंडिया मार्क टू (तो मुळात सोलापूरच्या हापशावरूनच सुधारून ७०च्या दशकात तयार झाला, हे आमच्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे) बिघडला की लोखंडी पाईप वर ओढायला तिवई, गाडी, चार गडी सगळं लागतं. आफ्रिदेवचं तसं नाही. प्लास्टिकचा पाईप खालीच राहतो, सळया एकीत एक अडकवलेल्या असतात, त्या हातानं सुट्या होतात, आणि सगळ्या पंपाला पाना एकच. आतलं रबरी सील झिजलं की गावातल्या बायकांनी ते स्वतः बदलावं, यासाठीच तो पंप तसा बनवलाय.

आणि दीड वर्षं ते सील मी बदलत होतो. पाणी समितीला शिकवायला गेलेला माणूस, पण पाना माझ्या सॅकमध्ये. बोलावणं आलं की सायकलवर टांग टाकून निघायचो, लोक खूश, मीही खूश. निघायला तीन महिने राहिले तेव्हा लक्षात आलं की मी गेलो की हे सगळं बंद पडणार. मग जानेवारीत समितीच्या बैठकीत पाना खजिनदार बाईंच्या हातात दिला. त्यांना सगळे अमाई म्हणायचे. चिचेवा भाषेत आईला तेच म्हणतात, मलाही ते म्हणायला सोपं गेलं.

फेब्रुवारीत पंप बंद पडला. खांदे भरून येईस्तोवर हापसलं तरी पाणी येईना. पहाटे पाचला अमाई रिकामी बादली घेऊन माझ्या दारात. माझ्या ट्रंकेत नवं सील होतं. मी दिलं नाही. म्हटलं, पाना तुमच्याकडे आहे, सील तालुक्याच्या दुकानात मिळतं, समितीचे पैसे कुठे आहेत?

पैसे नव्हतेच. तिकडे जानेवारी ते मार्च म्हणजे उपासमारीचे दिवस, कणगीतला मका संपलेला आणि शेतातला अजून हिरवा. घरटी दोनशे क्वाचा (तिथलं चलन) ठरले, कुणी दिले, कुणी अंडी आणून दिली, कुणी मागच्या वर्गणीचा हिशोब मागितला आणि त्यावरून दोन संध्याकाळी नुसती भांडणं. तोवर बायका खालच्या दलदलीतल्या झिऱ्यावरून पाणी आणत होत्या, मी ते रोज बघत होतो.

तिसऱ्या दिवशी आमचा कोऑर्डिनेटर आला. ट्रंकेतल्या सीलबद्दल मीच सांगितलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, लोक चिखलाचं पाणी पितायत आणि तू शाळा घेत बसलायस. रिपोर्टमध्येही लिहिलं त्यानं. मी सील दिलं नाही म्हणजे नाहीच.

पाचव्या दिवशी अमाई मुलाच्या सायकलवर मागे बसून गेल्या आणि सील घेऊन आल्या. पंप उघडला, सळया काढून ओळीनं गवतावर मांडल्या. सील पहिल्यांदा उलटं बसवलं. मी हात मागे बांधून उभा, दात आवळलेले. जोडलं, हापसलं, काही नाही. परत उघडलं. अमाईंनी सीलच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि कुणाला काही न विचारता ते पालटून बसवलं. पाणी आलं.

कोऑर्डिनेटरशी अजून या विषयावर माझं पटत नाही. मी गेल्यावर वर्ष-सव्वा वर्षानं तिथल्या शाळेतल्या मास्तरांचा वेगळ्याच कामासाठी मेसेज आला, त्यात ओघात कळलं की समितीनं मध्ये एकदा सील आणि व्हॉल्व्हचं रबर बदललं. मला कुणी कळवलं नव्हतं, कळवायचं कारणच नव्हतं. माझ्या दोन वर्षांतलं एवढंच काम मी काम म्हणून धरतो.

म्हणून सांगतो, शेवटच्या दोन महिन्यांत नवीन काही सुरू करू नका, कोनशिला, उद्घाटन, फोटो काही नको. जे तुम्ही स्वतः करताय त्याची यादी काढा आणि आजपासून करणं थांबवा. तुम्ही तिथे असताना बिघडू दे. निरोपाच्या दिवशी हार घालून किल्ल्या सोपवण्याला काही अर्थ नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. त्या पाच दिवसांत मी घरोघर क्लोरीन वाटत होतो आणि आसपास साथ नव्हती. २०२२-२३ मध्ये मलावीत कॉलऱ्यानं १,७०० हून जास्त माणसं गेली. तसे दिवस असते तर मी पहिल्याच सकाळी सील काढून दिलं असतं. तेवढ्यापुरतं कोऑर्डिनेटरचं बरोबर होतं, आणि हे मी त्याला अजून बोललेलो नाही.

सामान फुकट वाटू नका, मागे भांडणं राहतात. मी सायकल, स्टोव्ह, गादी अगदी कमी किमतीत विकली आणि पैसे पाणी समितीच्या डब्यात टाकले. जाण्याची तारीख आधी गावप्रमुखाला सांगा, मग बाकीच्यांना.

आणि निरोपाचं. तिकडे जाणारा म्हणतो ‘त्सालानी ब्विनो’, नीट राहा. राहणारे म्हणतात ‘पितानी ब्विनो’, नीट जा. आपल्याला ‘जातो’ म्हणायची सवय नाही, मी त्याच सवयीनं ‘येतो’चं चिचेवात भाषांतर करून बसलो. अमाईंनी लगेच विचारलं, कोणत्या महिन्यात, मका काढून झाल्यावर का? मला उत्तर देता आलं नाही. असलं काही बोलू नका.

तुम्ही कोणत्या देशात आहात आणि काम काय करता ते लिहिलेलं नाहीये. शाळा, दवाखाना, शेती, जे असेल ते कळवा, मग अर्धवट कामांचं नीट सांगता येईल.