कॅनोपीची गोष्ट

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. हवाई दलात जायचंय, देशासाठी मरण आलं तरी चालेल, असं लिहिलंस. ते वाक्य मी तीनदा वाचलं. आदल्याच दिवशी तुझी आई येऊन गेली होती. ओट्यावर बसली, पाण्याचा पेला तसाच हातात धरून एवढंच म्हणाली, "सर, मना जीव घाबरस."

फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचा फोटो टेबलासमोर लावलास, चांगलं केलंस. पण त्याखाली 'बलिदान' हा एकच शब्द लिहिलायस, म्हणून त्यांची ती सकाळ तुला सांगतो.

१४ डिसेंबर १९७१. आंतरराष्ट्रीय करारामुळे १९४८ पासून युद्धाला तोंड फुटेपर्यंत श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलीच जात नव्हती. त्यामुळे लुधियानाजवळच्या इसेवालच्या या पोराला ना तिथली उंची अंगवळणी पडलेली, ना डोंगर ओळखीचे, ना तो गारठा. त्या दिवशी पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं श्रीनगरच्या तळावर चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत होते आणि तशात त्यांनी आपलं चिमुकलं नॅट विमान वर काढलं. सेबरांच्या मागे लागले, त्यांना तळावर मोकळेपणानं हल्ला करू दिला नाही. शेवटी त्यांच्याच विमानाला गोळ्या लागल्या.

आता पुढचं नीट वाच. अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी विमानातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उडताना दिसली. पण वेळ उरला नव्हता. विमानाचे अवशेष तळापासून काही किलोमीटरवर दरीत सापडले. देह मात्र पुष्कळ शोधूनही सापडला नाही. हवाई दलाच्या वाट्याला आलेलं एकमेव परमवीर चक्र ते हे.

ती उडालेली कॅनोपी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तो माणूस मरायला वर गेला नव्हता रे. तळ वाचवायला गेला होता, आणि जमलं असतं तर खाली येऊन गरम चहा प्यायला असता. आपल्या नंदुरबारच्या शिरीषकुमारचंही आपण असंच करतो. १९४२ च्या चले जाव चळवळीतली गोळी तेवढी लक्षात ठेवतो, पंधरा वर्षांचं पोरगं विसरतो.

तेव्हा ते मरणाचं वाक्य खोडून टाक. सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीत तर चुकूनही बोलू नकोस.

आता कामाचं. बारावीला गणित सोडायचं म्हणतोयस, ते अजिबात करू नकोस. एनडीएतून हवाई दलात जायचं तर भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. वैमानिकासाठीची सीपीएसएस चाचणी जन्मात एकदाच देता येते, नापास झालास की ती वाट कायमची बंद, म्हणून 'बघू देऊन' असं म्हणत जाऊ नकोस. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये बसावी लागते, ती आत्ताच मोजून घे. नंतर कळून रडण्यापेक्षा बरं. बाकी धावणं, झोप, अभ्यास हे तुला मी काय सांगू?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे पितरांसाठी घागर भरतात, ठाऊक आहे तुला. आमच्या देवघरापाशी गेली बरीच वर्षं मी एक घागर जास्तीची मांडतो, सेखोंच्या नावाची. कोरी मातीची घागर, पाणी भरलं की बाहेरून हळूहळू ओलावते, तिचा रंग गडद होत जातो. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन सांजोऱ्या. ज्याचा देहच मिळाला नाही, त्याला कुणीतरी, कुठूनतरी पाणी द्यावं, एवढंच मनात असतं.

यंदा आईला घेऊन ये. सांजोऱ्या तिच्याच हातच्या होऊ देत. घागर तू भर. आणि ती कॅनोपीची गोष्ट तिला तूच सांग, मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
सर