आधी कागद, मग कोयना

एमटेकला आलास, आता बांधकामांची मॉडेलं करणाऱ्या सॉफ्टवेअरची घाई झाली असेल. जरा दम धर. आधी कॅन्टिलिव्हरचं, म्हणजे एकाच टोकाला घट्ट धरलेल्या बीमचं, मोकळं टोक भाराने किती खाली येतं ते हाताने काढ, मग तोच बीम मॉडेलमध्ये टाक. आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा चूक आपलीच असते, सॉफ्टवेअरची नव्हे.

मग कोयना धरण घे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या या धरणाला तडे गेले, आणि तेही जिथे पाण्याच्या उलट बाजूच्या अंगाचा उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास. जगभरचे संशोधक आजही भेगांची मॉडेलं याच धरणावर तपासून बघतात. मेश, म्हणजे मॉडेलचे तुकडे पाडणारी जाळी, बारीक कर, परत चालव. भेग जागा बदलते का बघ. मी हे केलं नव्हतं. रंगीत चित्रांवर भाळलो आणि सेमिनारमध्ये तोंडघशी पडलो.

जोखमीचं गणित वेगळंच. १०,००० त १ एवढी पडझडीची शक्यता साध्या माँटे कार्लोने, म्हणजे दर वेळी यादृच्छिक आकडे घालून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून, मोजायची, त्यात चूक १० टक्क्यांच्या आसपास ठेवायची, तर सुमारे १० लाख रन लागतात. एक रन २ तासांचा असेल तर हिशेब कर! म्हणून सबसेट सिम्युलेशन, म्हणजे दुर्मीळ घटनेकडे टप्प्याटप्प्याने जाऊन कमी रनमध्ये शक्यता काढायची पद्धत, आत्ताच वाचायला घे. आणि हो, इनपुट फाइलच्या नावात तारीख टाकत जा.