वॉल-ई पाहून मुलं खरंच निसर्ग जपायला शिकतात का?

तुम्ही विचारलंय की आठ वर्षांच्या मुलीला वॉल-ई दाखवला, तिला फार आवडला, पण दोन दिवसांत ती सगळं विसरली. मग अशा सिनेमाचा उपयोग काय? माझ्या अनुभवावरून सांगतो. उपयोग होतो, पण सिनेमा ताजा आहे तोवर पोराच्या हाताला काही काम लागलं तर.

मी गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या जंगलाजवळच्या एका गावात शिक्षक आहे. मागच्या मार्चमध्ये वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून आम्ही हा सिनेमा दाखवला. 2008 चा, इंग्रजी, तरी पोरांचं काही अडलं नाही, कारण सुरुवातीचा बराच वेळ त्यात बोलणंच जवळपास नाही. कचऱ्याने भरलेली पृथ्वी, दिवसभर कचऱ्याचे ठोकळे रचणारा एकटा यंत्रमानव, आणि एका जुन्या फ्रीजमध्ये त्याला सापडलेलं इवलंसं हिरवं रोप. ते तो मातीसकट एका जुन्या बुटात ठेवतो. तिथे अख्खा वर्ग गप्प झाला होता.

माझ्या मुलीच्या मनात मात्र पुढचा प्रसंग राहिला. माणसं 700 वर्षं अंतराळयानात राहतायत. त्या यानाचा कप्तान, ज्याने जन्मात शेत पाहिलेलं नाही, मलूल झालेल्या रोपाला पाणी घालतो आणि त्याला कळतं की याला फक्त कुणीतरी बघणारं हवं होतं. तिसरीतली पोर घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आजीबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) मोहाच्या झाडाखाली गेली. मोहफुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपटपत असतात, म्हणून त्याआधी खालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ करायची आमच्याकडची जुनी रीत. आईने काडीपेटी काढली तशी पोर म्हणाली, "आजी, काऊन पेटवतेस वं?"

"पानात फुलं दिसत नाई नं माय. इचूकाट्याचंही भेव रायते."

आईचं काही खोटं नव्हतं. अंधारात वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला वाळल्या पानांत हात घालायचा असतो. पण तीच आग वारा सुटला की जंगलात शिरते, जमिनीवरच्या पाखरांची अंडी जळतात, आणि मोहाची स्वतःची रोपंही. आमच्या धुऱ्यावरचे तिन्ही मोह आजोबांच्या काळातले. त्यांच्याखाली एकही नवं झाड नाही. टोळी, म्हणजे मोहाचं फळ, तेलासाठी वेचली जाते, उगवलं तर शेळ्या खातात, त्यातून वाचलं ते मार्चमध्ये जळतं. "जंगल वाचवा" असं फळ्यावर मी कितीदा लिहिलं, पण या आगीबद्दल वर्गात कधी एक शब्द बोललो नव्हतो. आठ वर्षांच्या पोरीने ते विचारलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी खराट्याने पाला लोटला आणि जुनी लुगडी अंथरली. घाम निघाला, अंधार पडला. सकाळी मात्र फुलं स्वच्छ मिळाली, ना राख ना माती, वाळवायलाही सोपी. आईला पटलं ते त्यामुळे, माझ्या बोलण्याने नव्हे. तेव्हापासून आमच्या मोहाखाली काडी लागली नाही.

जूनमध्ये पोरीने टोळीतल्या चार बिया बाजूला ठेवल्या. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, लगेच पेरावं लागतं. तिने हट्टाने माझ्या फाटक्या बुटात पेरलं. दोन उगवली. मोहाचं मूळ खोल जातं, म्हणून महिन्याभरात ती धुऱ्यावर लावली. एक गेलं.

तुम्ही मुलीला सिनेमा पुन्हा दाखवा आणि शेवटची नामावली बंद करू नका. बुटातल्या त्या रोपाचं केवढं झाड झालं ते तिथे दिसतं. मग त्याच दिवशी तिला घेऊन बाहेर पडा आणि दाराजवळचं एखादं झाड, विहीर, नाला, जे असेल ते तिच्या हवाली करा. वृक्षारोपणाचा फोटो काढून परत येऊ नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच न्या.

आमचं उरलेलं रोप आता वीतभर आहे. भोवती बोरीच्या काट्या लावल्यात, तरी शेळ्या तोंड घालतातच. पोर शाळेतून येते ती आधी धुऱ्यावर जाते, काट्या सरकवून बघते, मग घरी येऊन दप्तर ठेवते.