कर्जावर माझी सही, मग करारात नाव का नाही?

प्रश्न : आम्ही दोघं चिंचवडला 17 हजार भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. माझं वय 30, लग्नाला तीन वर्षं झाली, आता बाळाचा विचार आहे. त्याआधी स्वतःचं घर व्हावं म्हणून रावेतला बांधकाम चालू असलेला 62 लाखांचा टू बीएचके 1 लाख भरून बुक केला. माझा पगार 58 हजार, यांचा 64 हजार. सासरे नाहीत. सासूबाई 63 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्या आपल्या फंडातले 10 लाख देत आहेत. घर त्यांच्या आणि यांच्या नावावर व्हावं, असं त्यांचं म्हणणं आहे. कर्ज मात्र माझ्या पगाराशिवाय बसत नाही, म्हणून मी सहकर्जदार. यांना एक बहीण आहे. मी नावाचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पुढे बाळाच्या नावावर करू. बिल्डर म्हणतो, आधी 20 टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट दोन महिन्यांनी. मला घरात भांडण नकोय. काय करू?

उत्तर : आधी बिल्डरचं बघू, कारण तिथे तुमच्या हातात दिवस कमी आहेत. 20 टक्के भरू नका. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा 6 लाख 20 हजार. 1 लाख दिलेत, म्हणजे नोंदणीआधी फार तर 5 लाख 20 हजार. "सगळेच भरतात" या उत्तरावर विश्वास ठेवू नका. ईमेलवर दोन ओळी लिहा : करारनाम्याचा मसुदा पाठवा, दुय्यम निबंधकाकडे नोंदणीची तारीख कळवा, त्यानंतर पुढची रक्कम देऊ. तोंडी बोलू नका.

मसुदा आला की तीन गोष्टी बघा. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) चौरस मीटरमध्ये लिहिलेलं आहे का. पैशांचे टप्पे बांधकामाला बांधलेले आहेत का. महाराष्ट्राच्या नमुना करारात करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत आणि जोतं (प्लिंथ) पूर्ण झाल्यावर 45 टक्क्यांपर्यंत, अशी चढण आहे. आणि ताब्याची तारीख. ती जागा कोरी असेल तर सही करू नका, कारण उशीर झाल्यावर व्याज मागायचं किंवा पैसे परत मागायचे, तर कलम 18 खाली तीच तारीख धरली जाते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख पाहा आणि एजंट सांगतो त्या तारखेशी ताडून घ्या. तुम्ही बाळाचं गणित ताब्याच्या तारखेवर मांडताय, म्हणून तुमच्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं.

आता नावाचं. हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो विचारल्याने तुम्ही लोभी ठरत नाही. सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत. सहकर्जदार म्हणून सही केली की बँक संपूर्ण थकबाकी तुमच्या एकटीकडूनही वसूल करू शकते, "माझा अर्धाच वाटा" म्हणता येत नाही. मालकी मात्र नोंदणीकृत करारात ज्यांची नावं आहेत त्यांची. हप्ते तुमच्या पगारातून गेले याचे बँकेचे उतारे असले, तरी त्यावरून मालकी मिळवायची म्हणजे वर्षानुवर्षांचा दावा, आणि निकालाची खात्री नाही.

अभद्र बोलायचं नाही, पण वकिलाला बोलावंच लागतं. समजा घर सासूबाई आणि तुमचे पती यांच्या नावावर निम्मं-निम्मं झालं, आणि पती मृत्युपत्र न करता गेले. तुम्ही हिंदू कुटुंबातल्या आहात असं धरते. हिंदू वारसा कायद्यात पतीच्या निम्म्या वाट्याचे पहिले वारस आई, पत्नी आणि मूल, तिघं समान. म्हणजे प्रत्येकाला पूर्ण घराचा सहावा हिस्सा. सासूबाईंचे सहापैकी चार, तुमचा एक, बाळाचा एक. पुढे त्यांच्या पश्चात, त्यांनीही मृत्युपत्र केलं नसेल तर, त्यांच्या वाट्यात नणंद आणि तुमचं मूल येतं. तुम्ही येत नाही. आणि उरलेल्या सगळ्या कर्जासाठी बँक मात्र तुम्हाला धरू शकते. सून म्हणून त्या घरात राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली मागता येतो, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. अशा अवस्थेतल्या बायका माझ्या ऑफिसात आलेल्या आहेत, कडेवर मूल आणि हातात बँकेची नोटीस घेऊन. म्हणून हे इतकं उघड लिहिते आहे.

(पोटातल्या बाळाबद्दल कायदा फार विचारी आहे, हे जाता जाता सांगते. वडील गेले तेव्हा गर्भात असलेलं आणि नंतर जिवंत जन्मलेलं मूल, आधीच जन्मलेलं असल्यासारखं वारस ठरतं. हिंदू वारसा कायद्याचं कलम 20.)

"पुढे बाळाच्या नावावर करू" हे सासूबाई मायेनं म्हणाल्या असतील, पण तसं करू नका. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाच्या नावावर घर झालं की ते विकायला, गहाण ठेवायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला आई-वडिलांनाही न्यायालयाची परवानगी लागते. उद्या नोकरी बदलून दुसऱ्या शहरात जायचं ठरलं, दुसऱ्या बाळामुळे मोठं घर हवं झालं, तर मूल 18 वर्षांचं होईपर्यंत तुमचे हात बांधलेले राहतील.

सासूबाईंची बाजूही मी तितक्याच गांभीर्याने बघते. 10 लाख म्हणजे त्यांची म्हातारपणाची पुंजी आहे. ती देऊन हातात काहीच उरू नये, ही त्यांची भीती रास्त आहे. त्यांना मालकीच हवी असेल तर करारात तिघांची नावं घाला आणि हिस्से आकड्यांत लिहा : सासूबाई 16 टक्के, तुम्ही दोघं 42-42. हिस्से लिहिले नाहीत आणि कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसला, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा सगळे वाटे सारखे धरतो. पण त्यांना एक गोष्ट आधी सांगा. बँका सहसा प्रत्येक सहमालकाला कर्जाच्या कागदांवरही घेतात. 63 व्या वर्षी 20 वर्षांच्या कर्जावर सही करायची का, हे त्यांनीच ठरवावं.

मला दुसरा मार्ग जास्त बरा वाटतो. घर तुमच्या दोघांच्या नावावर घ्या आणि सासूबाईंचे 10 लाख हे त्यांनी दिलेलं कर्ज म्हणून योग्य स्टॅम्पवर लिहून द्या : घर विकलं तर आधी त्यांची रक्कम, आणि त्यांना गरज पडेल तेव्हा ठरलेल्या हप्त्यांनी परत. रक्कम त्यांच्या खात्यातून बँकेमार्फतच यावी. यात त्यांचे पैसे सुरक्षित राहतात आणि कर्जाचा बोजाही त्यांच्या डोक्यावर येत नाही.

घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, 62 हजार वाचतील. पतीचं नाव जोडलं की ती मिळत नाही. तुमच्या घरातली सध्याची हवा बघता मी त्या 62 हजारांसाठी हा वाद ओढवून घेणार नाही.

रोख किती लागेल तेही मांडा. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे 49 लाख 60 हजार. उरलेले 12 लाख 40 हजार, 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 4 लाख 34 हजार आणि नोंदणीचे 30 हजार तुमच्या खिशातून. शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात धरला जात नाही. त्यावर बांधकाम चालू असल्यामुळे 5 टक्के जीएसटी, 3 लाख 10 हजार. 10 लाख आले म्हणजे घर झालं, असं नाही.

साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी हप्ता साधारण 43 हजार बसेल. बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवडे, पण त्यासाठी आधीच्या 12 महिन्यांत त्याच नोकरीत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणून गरोदरपणाच्या तोंडावर नोकरी बदलू नका. 26 आठवड्यांनंतर बिनपगारी रजा घेतलीत, तर पतीच्या 64 हजारांतून हप्ता जाऊन 21 हजार उरतील, आणि खाणारी तोंडं वाढलेली असतील. सहा हप्त्यांची रक्कम, 2 लाख 58 हजार, बाजूला काढता येत नसेल तर थोडं लहान घर बघा. 15 लाखांच्या फ्लॅटची गोष्ट मी करत नाही. पाच-सात लाखांनी स्वस्त असलेलं, तयार, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळालेलं घर मिळालं तर जीएसटीही वाचतो आणि भाडं व व्याज एकाच वेळी भरावं लागत नाही.

कर्ज मंजूर होईल त्याच आठवड्यात पतींनी त्या रकमेचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली घ्यावा. प्रस्ताव भरतानाच तसं लिहावं लागतं; मग ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव राहते, पतीकडून पैसे येणं असलेल्या इतरांना त्या रकमेला हात लावता येत नाही. तुमच्याही नावाचा विमा घ्या. घराची नोंदणी झाली की दोघांनी साधी मृत्युपत्रं करा. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणी सक्तीची नाही.

घरात बोलताना सुरुवात पतीपासून करा, सासूबाईंपासून नको. हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा आणि इतकंच म्हणा : "कर्जात माझी सही आहे, तर करारातही असू दे. आणि आईंचे पैसे आपण लिहून देऊ." मग दोघं मिळून आईंकडे जा. करारात तुमचं नाव येईपर्यंत कर्जाच्या अर्जावर सही करू नका.