ऑफिसात तबल्याचा काय उपयोग? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : दादा नमस्कार. मी ३६ वर्षांचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. लहानपणी चार वर्षं तबला शिकलो, मग परीक्षा आल्या, नोकरी आली आणि डग्ग्यावर धूळ बसली. तीन वर्षांपूर्वी परत सुरू केला, रोज सकाळी तासभर बसतो. आता टीममधले सगळे कुठलं ना कुठलं सर्टिफिकेशन करतायत आणि मॅनेजर परवा हसत हसत म्हणाले की तोच तास इकडे लावलास तर कधीच लीड झाला असतास. बायको म्हणते सोडू नकोस. मला खरंच कळत नाहीये, तबल्याचा कामात काही उपयोग असतो का, की मी नुसती मनाची समजूत घालतोय?

उत्तर : आधी कडू गोळी घ्या. तबला येतो म्हणून कुणाला प्रमोशन मिळालेलं मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही. सर्टिफिकेशन कामाला खरंच लागणार असेल तर करून टाका, तीन महिने रियाज वीस मिनिटांवर आणा, पण बंद करू नका, कारण सुटलेला हात परत बसायला काय लागतं ते तुम्ही एकदा भोगलंय. आणि ते संगीताने मेंदू तल्लख होतो वगैरे फॉरवर्ड मॅनेजरना पाठवू नका. आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवायचा हे खरंय, पण व्हायोलिन वाजवणारे लाखो झाले, सापेक्षता त्या एकालाच सुचली.

मग उपयोग काय? तुम्ही शिकला असालच तो कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, घ्या. धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना. याचे पलटे, म्हणजे फेरफार, करायचे ते यातल्याच बोलांतून, बाहेरचा बोल आणायचा नाही, छान वाटलं म्हणून मधेच तिरकिट घुसडलं की गुरुजी हात वर करतात. सुरुवातीला वाटतं यात करण्यासारखं आहेच काय, दोन पलटे होतात आणि गाडी अडते. मग तिट दोनदा घेऊन बघ, धाधा मागे ढकलून बघ, असं करत करत दहा-बारा निघतात, आणि प्रत्येक वेळी खालीला, म्हणजे तालाच्या हलक्या भागात, डग्गा बंद ठेवून तेच परत मांडायचं असतं. आता टेस्टिंगमध्ये याहून वेगळं काय असतं सांगा! स्क्रीन तीच, फील्ड्स त्याच, रिक्वायरमेंट बदलायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि कुणाच्याच डोक्यात न आलेली केस तुम्हालाच काढायचीय. कायदा वाजवला की बग आपोआप सापडतात असं मी म्हणत नाहीये, पण दोन पलट्यांनंतर "संपलं बुवा" वाटतं तेव्हा अजून थोडं बसून राहायची सवय तुम्हाला लागलीय, आणि ती ऑफिसात फार थोड्यांकडे दिसते.

चुकण्याचंही तसंच. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा तुकडा, अर्धी मात्रा आधी संपली तर ठेका काही थांबत नाही, तोंड कसनुसं न करता सोळा मात्रा पुढे जाऊन पुढच्या समेवर भेटायचं, आणि घरी आल्यावर तेवढाच तुकडा अर्ध्या लयीत पन्नास वेळा. डेमोत स्क्रीन अडकली की माणसं पाच मिनिटं सॉरी म्हणत बसतात, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

मी स्वतः पेटी वाजवतो, साथीपुरती. काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीत साथीला होतो, गाणाऱ्या बाई आलापात जिथे जिथे श्वास घेत होत्या तिथे तिथे मी आपला सूर भरत होतो, वाटत होतं काय सुंदर साथ करतोय आपण. गाणं संपल्यावर बाई पाणी पीत म्हणाल्या, "पेटी छान आहे तुमची, पण मला ती गप्प बसलेली जागा हवी होती हो." कानशिलं तापली माझी. पण खरी गंमत सोमवारी झाली, मीटिंगमध्ये एक ज्युनियर मुलगी काहीतरी मांडत होती, अडखळली, आणि तिचं वाक्य पुरं करायला माझं तोंड उघडलेलंच होतं. म्हंजे मी वर्षानुवर्षं सगळ्यांच्या आलापात सूर भरत होतो! त्या दिवशी गप्प बसलो, चार-पाच सेकंद गेले असतील, आणि तिने पुढे जे सांगितलं ते माझ्या वाक्यात आलंच नसतं. हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं, आणि ट्रेनिंगं काही कमी झाली नाहीत. तुम्ही अजून एकटेच वाजवत असाल तर कुणाच्या तरी साथीला बसा, तबल्याचा कामातला अर्धा उपयोग तिथे आहे असं माझं मत.

क्वचित गोष्ट फार पुढेही जाते. सी. व्ही. रामन १९०७ पासून दहा वर्षं सरकारी अर्थखात्यात हिशेबाच्या नोकरीत होते, त्यातली बरीच कलकत्त्यात, आणि ऑफिसच्या आधी-नंतर तिथल्या एका प्रयोगशाळेत जाऊन तारा आणि वाद्यं कशी कंप पावतात ते बघत बसायचे. १९१७ मध्ये नोकरी सोडून प्राध्यापक झाले. १९२० मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर जो निबंध छापला तो तुमच्याच वाद्याबद्दल आहे : ताणलेल्या साध्या चामड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे स्वर, एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता दणका ऐकू येतो, पण मधल्या शाईच्या, त्या काळ्या गोलाच्या, वजनाने ते जुळतात आणि तबला सुरात बोलतो. १९३० चं नोबेल प्रकाशावरच्या कामाला मिळालं, तबल्याला नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या तुम्ही मॅनेजरना तेच सांगाल.

प्रश्न : सर, मी हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट डॉक्टर आहे, गाण्यांना चाली लावते. सध्या ड्युट्यांमुळे महिनोन् महिने काहीच होत नाही, अर्धवट चालींनी फोन भरलाय. सिनियर म्हणतात एक ना धड भाराभर चिंध्या. सोडून द्यावं का?

उत्तर : बोरोदिन नावाचा एक रशियन होता, पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक, वैद्यकीय अकादमीत शिकवायचा, आल्डिहाइड नावाच्या रसायनांवरचं त्याचं काम केमिस्ट्रीवाले अजून मानतात, आणि उरलेल्या वेळात सिम्फनी लिहायचा. एक ऑपेरा त्याने १८६९ मध्ये हातात घेतला. १८८७ मध्ये तो वारला तेव्हा अठरा वर्षांनीही ऑपेरा अपुराच होता, तो रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दोघा संगीतकारांनी पुरा केला. विद्यार्थी, लॅब, मीटिंगा, सगळं तुमच्यासारखंच, आजारी पडून घरी राहिला की तेवढंच लिहून व्हायचं. तरी आज जगभर त्याचं नाव घेतात ते मुख्यतः त्या उरलेल्या वेळामुळे.

त्यामुळे चिंध्या राहू द्यात, फक्त फोनमध्ये प्रत्येक चालीला नाव आणि तारीख द्या, "न्यू रेकॉर्डिंग ४७" मध्ये पुढे काहीही सापडत नाही. रेसिडेन्सी संपते हो कधीतरी. तोवर एक करून बघा, पेशंट बोलताना कधीतरी शब्द सोडून नुसती त्याची चाल ऐका, कुठे दम लागतो, कुठे आवाज बारीक होतो, कुठल्या शब्दावर तो थांबतो. चाल लावणारा माणूस हे करतोच, तुम्हाला वेगळं शिकायला नको. छातीला नळी लावून ऐकायची युक्ती १८१६ मध्ये ज्या लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला सुचली तोही बासरी वाजवायचा. नळी बासरीवरूनच सुचली असं मात्र मी म्हणणार नाही, पहिल्यांदा त्याने कागदाची सुरळीच करून लावली होती.

प्रश्न : मी जाहिरात कंपनीत कॉपीरायटर आहे. रात्री ऑफिसच्याच लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून ट्रॅक बनवते, दोन-तीन ऑनलाइन टाकलेत. मैत्रीण म्हणते कंपनी उद्या हक्क सांगेल. खरं का? आणि बायोडेटात हे लिहू का?

उत्तर : मैत्रीण हुशार आहे. नोकरीच्या करारात तुम्ही बनवलेल्या गोष्टींच्या मालकीचं एक कलम बहुतेक असतं, ते आज रात्रीच काढून वाचा, समजलं नाही तर वकिलाला दाखवा. काहींत फक्त कामाशी संबंधित गोष्टी येतात, काहींत सरसकट सगळंच लिहिलेलं असतं, आणि जाहिरात कंपनीत ट्यून हा कामाचाच भाग नाही हे पटवणं तुम्हाला जड जाईल. तोवर ऑफिसच्या लॅपटॉपवर नवीन एकही ट्रॅक नको. जुना का होईना, स्वतःचा लॅपटॉप घ्या आणि हेडफोनही स्वतःचेच.

बायोडेटात "संगीताची आवड" लिहू नका, ती सगळ्यांनाच असते. तीन ट्रॅक केलेत, लिहिणं-वाजवणं-मिक्सिंग सगळं स्वतः, असं लिहा आणि लिंक द्या, अर्थात ते कलम वाचून झाल्यावर.