पहिलं ब्लू कार्ड घेताना
ईगल स्काउट (अमेरिकेतल्या स्काउटिंगमधली सर्वोच्च रँक) व्हायला 21 मेरिट बॅज (एकेका विषयातल्या अटी पूर्ण करून मिळणारे बिल्ले) लागतात, तेही 18 वर्षं पूर्ण व्हायच्या आत. म्हणून वेळखाऊ बॅज आधी घे. पर्सनल मॅनेजमेंट या बॅजला सलग 13 आठवडे जमाखर्च लिहावा लागतो. आमच्या चिरंजीवांनी अकराव्या आठवड्यात वही हरवली, पुन्हा श्रीगणेशा!

ब्लू कार्डावर (बॅजच्या कामाची नोंद ठेवायचं कार्ड) आधी स्काउटमास्टरची, म्हणजे स्काउट गटाच्या प्रमुखाची, सही घे. मग काउन्सेलरला (त्या बॅजचं काम तपासणारी मोठी व्यक्ती) ईमेल तूच लिही, आईला पुढे करू नकोस. सीसीत मात्र ठेव. भेटायला एकट्याने जायचं नाही, सोबत आई किंवा बाबा असू दे. काउन्सेलर बॅजच्या अटी वाढवू शकत नाही, माफही करू शकत नाही. ‘करून दाखवा’ म्हटलंय तिथे तोंडपाटीलकी चालत नाही. कार्डाचा तुझ्याकडे राहणारा भाग जपून ठेव. आम्ही बेसबॉल कार्डांच्या प्लॅस्टिक कप्प्यांत ठेवतो.